विरंगुळा केंद्र उघडलं, पण माणसं येईनात

प्रश्न : ग्रामपंचायतीनं समाजमंदिरात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढलं. टीव्ही, कॅरम, पेपर, सगळं आहे. दसऱ्यापर्यंत पंधरा-वीस जण यायचे, आता तिघं-चौघं. बाया तर एकही नाही. कुठं चुकलं?
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सामानात काही चुकलेलं नाही, वेळेत चुकलं. सोयाबीन निघालं की कापसाची वेचणी लागते. धडधाकट माणसं सकाळीच वावरात जातात आणि म्हातारं माणूस घर राखायला, नातवंडं सांभाळायला मागे उरतं. दिवसभर बोलायला कोणी नसतं ते याच महिन्यांत. म्हणून वेचणीत केंद्र दुपारी बारा ते तीन ठेवा आणि नातवंडांना सोबत येऊ द्या. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी सात ते दहा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी कोणाला बोलावणं धोक्याचं आहे.

बायांचं कारण वेगळं. जेठ-सासऱ्याच्या नात्याची माणसं बसलेल्या खोलीत आपल्याकडची म्हातारी बाई पाय टाकत नाही. त्यांना आठवड्यातले दोन-तीन दिवस वेगळे द्या आणि हाताला काम द्या : वाती वळणं, डाळ निवडणं, उन्हाळ्यात शेवया. "रिकामी बसायला जाते" असं घरात ऐकावं लागलं, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. भजन ठेवलं तर खंजिरी त्यांच्याच हाती असू द्या.

आता खोली बघा. सतरंजीवर बसलेल्या गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही, आणि चारचौघांत हात मागायची लाज वाटते. हात टेकता येतील अशा, साधारण दीड फूट उंचीच्या खुर्च्या हव्यात. संडासाला पायरी नको, भिंतीला धरायला नळी हवी. संडास नसेल तर लोक घरून निघतानाच पाणी कमी पितात, मग चक्कर येते. टीव्ही बंद ठेवा. त्याच्या आवाजात ज्याला कमी ऐकू येतं तो गप्प होतो आणि हळूहळू यायचाच थांबतो. सहा-सात जण गोलात बसवा आणि एकानं पेपर मोठ्यानं वाचावा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हजेरीची वही. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते बघायला ती हवी. सलग दोन दिवस जो दिसला नाही, त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी जायलाच हवं. बायको गेलेला, पोरं पुण्याला असलेला माणूस आपणहून परत येत नाही, त्याला बोलवावं लागतं. हे काम दोघांना नावानिशी द्या. किल्लीही दोघांकडे ठेवा, एकाच घरी राहिली तर त्या घरच्या लग्नात केंद्र बंद पडतं.

प्रश्न : बाबा गेल्यापासून माय कुठंच जात नाही, नीट जेवतही नाही. केंद्रात पाठवावं का?
(एक वाचक, वाशीम जिल्हा)

उत्तर : आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मळ साचल्यानं किंवा मोतीबिंदूनंही माणूस घरात कोंडून घेतं. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त उतरलेलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. नैराश्यावर उपचार आहेत. ते वयाचं म्हणून सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत. "जगून काय करू" असं म्हणत असतील तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि फवारणीची औषधं घरातून हलवा.

केंद्रात पहिल्यांदा एकटं पाठवू नका. शेजारच्या, रोज जाणाऱ्या बाईला घरी बोलवा, तिच्यासोबत अर्धा तासच जाऊ द्या.