फिट म्हणून सही करण्याआधी

ताई, नमस्कार.

तुमची लेक एमबीबीएसची इंटर्नशिप संपवतेय आणि तिला लष्करी सेवेत जाऊन एव्हिएशन मेडिसिन, म्हणजे वैमानिकांच्या तब्येतीचं वैद्यकशास्त्र, करायचंय. तुमचा प्रश्न एकच आहे: "तिने फिट ठरवलेल्या वैमानिकाचं विमान पडलं, तर दोष तिच्या माथी येईल का?"

येऊ शकतो. पण कशाचा, ते नीट समजून घ्या. उद्या काय होईल हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. जाब द्यावा लागतो तो तपासणी खरंच केली होती का, शंका आली तेव्हा काय केलं आणि ते त्याच दिवशी कागदावर आलं का, याचा.

साधी सर्दी घ्या. वैमानिक म्हणतो, "किरकोळ आहे, मॅडम." त्याला नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हवा कानाकडे ढकलायला सांगायचं आणि ओटोस्कोपमधून (कानात पाहायच्या उपकरणातून) कानाचा पडदा हलतोय का ते पाहायचं. हलत नसेल, तर विमान झपाट्याने खाली येताना कानात असह्य कळ येते, कधी चक्करही येते. लढाऊ विमानात एकट्या बसलेल्या माणसाला ते झेपणार नाही. तपासायला दोन मिनिटं पुरतात. अवघड असतं ते 'चार दिवस उड्डाण बंद' असं लिहिणं, कारण समोर रोज मेसमध्ये शेजारी बसून जेवणारा मित्र असतो आणि कमांडिंग ऑफिसरला संध्याकाळच्या सॉर्टीसाठी, म्हणजे उड्डाणफेरीसाठी, माणूस हवा असतो. उड्डाण जाईल या धास्तीने वैमानिक दुखणं लपवतातही. नुसत्या कडक डॉक्टरपासून तर जास्तच.

औषधाच्या चिठ्ठीचंही तसंच. एप्रिल 2002 मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारजवळ तार्नाक फार्म इथे अमेरिकी एफ-16 लढाऊ विमानाने टाकलेल्या बॉम्बने सराव करणारे चार कॅनेडियन सैनिक मारले गेले. जागं राहण्यासाठी हवाई दलाकडूनच मिळणाऱ्या ॲम्फेटॅमिनच्या गोळ्यांचा मुद्दा वैमानिकांच्या वकिलांनी काढला. 2004 मध्ये कर्तव्यात कसूर केल्याबद्दल बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाला दंड झाला. गोळी देणाऱ्यांच्या जबाबदारीचं काय, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

कायदाही सगळीकडे पुरा पडत नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 1950 च्या फेरेस खटल्यातल्या निकालापासून लष्करी डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दल सेवेतल्या सैनिकाला सरकारला कोर्टात खेचता येत नाही. 2019 च्या कायद्याने किमान संरक्षण खात्याकडे भरपाई मागण्याची वाट उघडली. कोर्टाचा धाक असा कमी असतो, तिथे मला डॉक्टरचा कणा जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हणून लेकीला एवढंच विचारा: वॉर्डात वरिष्ठांचं मत वेगळं असताना तिने स्वतःचं निरीक्षण केसपेपरवर लिहिलंय का? आणि निर्णयाआधी तिची एखाद्या स्क्वाड्रनच्या डॉक्टरशी गाठ घालून द्या. पगार, बदल्या ही माहिती कुठेही मिळेल. त्यांना तिने विचारावं, "तुम्ही शेवटचं उड्डाण कुणाचं थांबवलंत, आणि त्यानंतर तो तुमच्याशी कसा वागला?"