स्पीडवे रायडर व्हायचे आहे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे वय 19 असून मी मोटोक्रॉसच्या स्थानिक स्पर्धांत उतरतो. व्यावसायिक स्पीडवे रायडर होण्यासाठी सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, कराड)

स्पीडवे म्हणजे लंबवर्तुळाकार मातीच्या ट्रॅकवरची, ब्रेक नसलेल्या मोटरसायकलींची शर्यत. भारतात तिची नियमित लीग नसल्यामुळे हा व्यवसाय करायचा तर पोलंड, स्वीडन, डेन्मार्क किंवा ब्रिटन यांपैकी कोठेतरी जावेच लागते. तिकडची मुले 190 व 250 सीसीच्या गाड्यांवर शिकून सोळाव्या वर्षाच्या सुमारास 500 सीसीवर बसतात. त्या मानाने आपल्याला उशीर झाला आहे, हे मी लपवणार नाही. मात्र आपला सराव वाया गेलेला नाही, कारण सैल मातीवर मागचे चाक घसरत असताना गाडी सावरण्याची सवय डांबरी रस्त्यावर कधीच लागत नाही. एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा स्पर्धक परवाना काढावा, येथील डर्ट ट्रॅकच्या स्पर्धा सलग खेळाव्यात आणि मग ब्रिटनमधील एखाद्या प्रशिक्षण शिबिरासाठी पैसे जमवावेत. तेथे काही ठिकाणी गाडी भाड्याने मिळते, त्यामुळे स्वतःची घेण्याआधीच हा खेळ आपल्याला झेपतो का, हे कळते.

प्रश्न : या गाडीला ब्रेक नसतो असे मुलगा सांगतो. हे खरे आहे का? त्याला परवानगी द्यावी का? (एक आई, मिरज)

ताई, हे खरे आहे. चार रायडर लंबवर्तुळाकार मातीच्या ट्रॅकवर डावीकडे वळत चार फेऱ्या मारतात आणि शर्यत साधारण मिनिटभरात संपते. सर्वजण इतके जवळ असतात की पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर आदळेल; शिवाय वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवलेली असते, तेथे वेग आवरायचा तो ॲक्सलरेटर आणि शरीराचा तोल यांच्याच आधारे. रायडर पडला की मनगटाला बांधलेली दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होते, आणि मोठ्या ट्रॅकांवर वळणांना हवा भरलेले कुंपण असते.

तरीही धोका उरतो. 21 वर्षांखालील गटात दोनदा विश्वविजेता ठरलेला ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड ऑगस्ट 2015 मध्ये पोलंडमधील शर्यतीत पडला, त्याच्या मणक्याला गंभीर इजा झाली आणि 23 व्या वर्षीच त्याची कारकीर्द थांबली. परवानगीचा निर्णय आपलाच आहे. पण मुलगा सांगली-मिरज रस्त्यावर वेग आजमावत असेल, तर ते आजच बंद करावे. बंदिस्त ट्रॅक, डॉक्टर आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय सराव करायचा नाही, ही अट घालावी आणि तिच्यावर ठाम राहावे.

प्रश्न : यात कमाई किती स्थिर असते? (एक वाचक, सातारा)

स्थिर नसते. करारावर सही करताना काही रक्कम मिळाली, तरी पुढचे बरेचसे उत्पन्न गुणांवर ठरते : पहिल्याला 3, मग 2, 1 आणि शेवटच्याला शून्य. गाड्या, इंजिने, मेकॅनिक, व्हॅन आणि प्रवास हा खर्च बहुतांशी रायडरच करतो, म्हणून अनेकजण एकाच आठवड्यात दोन देशांच्या लीग खेळतात. पोलंडच्या एक्स्ट्रालीगा या अव्वल लीगमध्ये सर्वाधिक पैसा आहे. 2019 मध्ये पहिल्यांदा विश्वविजेता झालेला बार्तोश झ्मार्झलिक तेथूनच घडला. खालच्या स्तरावरचे कित्येकजण मात्र दुसरी नोकरी सांभाळून शर्यती खेळतात.

प्रश्न : माझे गॅरेज आहे. जुन्या गाडीपासून स्पीडवेची गाडी तयार करता येईल का? (एक मेकॅनिक, विटा)

मातीवर सरावासाठी काहीतरी बनवता येईल. शर्यतीची गाडी मात्र नाही. तिचे किमान वजन 77 किलो, इंजिन 500 सीसीचे एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक, गिअर एकच आणि मागे शॉकॲब्झॉर्बर नाही. म्हैसूरला 1961 पासून बनलेल्या टू-स्ट्रोक जावा आपल्या हाताखालून गेल्या असतील. पण त्याच नावाची स्पीडवे इंजिने चेकोस्लोव्हाकियात दिविशोव्हला अगदी वेगळ्या बांधणीची तयार होत. आपल्यासारख्या कारागिराने या खेळात मेकॅनिक म्हणून शिरण्याचा विचार जरूर करावा, कारण इंजिन नेमके जुळवणारा माणूस प्रत्येक रायडरला लागतो. एक काळजी मात्र आधीच घ्या : ही इंजिने मिथेनॉलवर चालतात, त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि त्याची वाफही विषारी असते, म्हणून ते बंद खोलीत कधीही ओतू नये.