हिमालयातला खायचा रानकांदा कुठे उगवतो? आपल्या सह्याद्रीतला तोच का?

नाही, दोन्ही अगदी वेगळे आहेत, आणि हा फरक जिवावर बेतू शकतो म्हणून तोच आधी सांगतो. आपल्याकडे माळावर, डोंगरउतारावर दिसणारा रानकांदा म्हणजे कोळकांदा. तो विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो. चुकूनही खाऊ नका.

खायचा तो हिमालयातला, शास्त्रीय नाव ॲलियम नेगियानम. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, नीती खोऱ्यातल्या मलारी गावाजवळ 2019 मध्ये तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आला आणि 2021 मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाला. नाव कांदावर्गीय वनस्पतींचे संग्राहक डॉ. कुलदीपसिंह नेगी यांच्यावरून. 3,000 ते 4,800 मीटर उंचीवरची उघडी गवताळ कुरणं, नदी-ओढ्याकाठची रेताड माती, बर्फ वितळून ओलावा येतो अशी जागा, हे त्याचं घर.

शास्त्राला तो नवा, तिथल्या लोकांना मात्र जुनाच! तिथल्या भोटिया या डोंगरी जमातीची कुटुंबं तो परसात लावतात. त्या भागात अशा रानकांद्यांची पात वाळवून ठेवतात. कढत तुपात चिमूटभर टाकली की चर्र होऊन लसणासारखा वास सुटतो, आणि ती फोडणी डाळीवर. रानातून मात्र गड्ड्यासकट उपटू नये. पात खुडली तर झाड पुन्हा फुटतं.