वाचकांचे प्रश्न : प्रेमभोजनाला उशिरा येणारे सभासद

या वेळच्या सदरात सोलापुरातील ख्रिस्ती वाचकांची तीन पत्रे घेतली आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून, लेखकांच्या विनंतीवरून त्यांची व त्यांच्या मंडळ्यांची (स्थानिक चर्चच्या समुदायांची) नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची मंडळी जुनी आहे. यंदा प्रथमच आम्हा तरुणांना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत दोन जागा मिळाल्या. पूर्व भागातील विडी कामगार स्त्रियांच्या मजुरीच्या प्रश्नावर मंडळीने उघडपणे बोलावे, असे आम्ही सुचवले. त्यांपैकी काही स्त्रिया आमच्याच सभासद आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, मंडळीचे काम आत्म्याच्या तारणाचे आहे, मजुरीचे काय ते युनियन पाहील, मंडळीत राजकारण नको; शिवाय नाताळात आपण ब्लँकेटे वाटतोच. आम्ही सुरुवात कोठून करावी? — एक तरुण सभासद, अशोक चौक परिसर

उत्तर : आपल्या ज्येष्ठांचा आक्षेप मी हलका मानत नाही. मंडळीच्या मिळकती आणि निवडणुका यांवरून एकाच घराण्यातील माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली त्यांनी पाहिली आहेत, आणि राजकारण या शब्दाने त्यांच्या मनात तेच उभे राहते. परंतु मजुरीचा प्रश्न युनियनकडून उसना आणावा लागत नाही, तो पवित्र शास्त्रातच आहे. मोलकऱ्याची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवून घेऊ नये, अशी लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा आहे. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीलाच कंठ फुटल्याचे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेल्याचे सांगतो. ही वचने उपासनेत वाचली जातात. त्यांवर उपदेश मात्र मी फार क्वचित ऐकला आहे.

ब्लँकेटाबद्दल थोडे. थंडीत ब्लँकेट मिळणे चांगलेच आहे आणि ते वाटणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण ब्लँकेट कोणाला द्यायचे, कधी द्यायचे आणि त्या वेळी कोणाचे छायाचित्र काढायचे, हे सारे देणारा ठरवतो, आणि घेणाऱ्या बाईला केवळ हात पुढे करावा लागतो. मजुरीचे तसे नाही. ती तिची आहे आणि ती मागताना तिला मान खाली घालावी लागत नाही. तेंदूची पाने आणि तंबाखू कारखान्यातून घरी न्यायची, पाने भिजवून कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि मोजून परत नेऊन द्यायच्या, त्यांतल्या काही कमअस्सल म्हणून बाजूला काढल्या गेल्या तर ते नुकसान निमूटपणे सोसायचे, असे ज्या स्त्रियांचे आयुष्य चालते, त्यांचा हिशेब हजार विड्यांमागे होतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार म्हटले. तिच्या मंडळीने अजून तिला फक्त ‘गरजू’ म्हटले आहे.

तरीही, सुरुवात अशोक चौकापासून करू नका. आपल्या आवारापासून करा. मंदिराची झाडलोट कोण करते, दफनभूमीची राखण कोण करते, त्यांना दरमहा काय मिळते, ते किमान वेतनाइतके आहे काय, आठवड्याची सुट्टी आणि भविष्यनिर्वाह निधी आहे काय, आणि हे कोठे लिहून ठेवले आहे काय, एवढ्या प्रश्नांवर कमिटीची एक पूर्ण सभा घ्या. मी स्वतः एका मंडळीच्या कमिटीत अनेक वर्षे होते. आमच्या झाडणाऱ्या बाईंच्या पगारवाढीचा विषय तीन वर्षे ‘विचाराधीन’ राहिला आणि त्याच तीन वर्षांत आम्ही नवी ध्वनियंत्रणा विकत घेतली. त्या इतिवृत्तांवर माझी सही आहे. नंतर पगार वाढला, पण तोवर त्या बाईंचे गुडघे गेले होते आणि वाढीव पगार त्यांच्या जागी आलेल्या मुलीला मिळाला. कारखानदाराला न्याय्य मजुरी विचारायला निघालेल्या मंडळीला पहिला उलटा प्रश्न येथूनच येईल, आणि तो यावाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल रागावला आहे तो एका जेवणावरून. प्रभूच्या भोजनासाठी म्हणून लोक जमत, पण ज्याचा तो आपले जेवण आधीच उरकून घेई. कोणी भुकेला राही आणि कोणी पिऊन मस्त होई. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे तो विचारतो, आणि जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असे सांगतो. तेथे मागे राहणारे बहुधा दुसऱ्याच्या वेळेने राबणारे दास आणि मजूर असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. आता आपल्या प्रेमभोजनाकडे, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाकडे, पाहा. विड्या नेऊन देण्याची वेळ किंवा यंत्रमागावरची पाळी सांभाळून येणारा सभासद कितव्या पंगतीत बसतो? उपासनेची आणि सभांची वेळ ठरवताना त्याला कोणी विचारले होते काय? घरात तेलुगू बोलणाऱ्या आणि मराठी अर्धीमुर्धी समजणाऱ्या बहिणी मागच्या बाकांवर बसतात, त्या तेथे कोणाच्या सांगण्यावरून बसतात? महिन्यातून एका रविवारी शास्त्रवाचन तेलुगूत झाले आणि ते त्यांच्यापैकीच एकीने केले, तर त्याला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

आणि राजकारणाविषयी. सोलापूरची ख्रिस्ती मंडळी राजकारणापासून कधी लांब होती, असे मला वाटत नाही. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्यांना काटेरी कुंपणात ठेवून रोज हजेरी घेण्याची वसाहत, म्हणजे ‘सेटलमेंट’, याच शहरात होती, आणि तिच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशनचाही भाग होता. मिशनच्या लोकांनी तेथे मुलांना शिकवले आणि हे काम ते दयेचे समजत होते, यात मला शंका नाही. पण ज्या तारेच्या आत ते शिकवत होते ती तार असावी की नसावी, हा प्रश्न विचारण्याचे काम दुसऱ्यांनी केले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र कित्येक कुटुंबांच्या पत्त्यात आजही आहे आणि त्यांपैकी काही कुटुंबे आपल्या बाकांवर बसतात. सरकारी कायदा मुकाट्याने राबवणे हेही एक राजकारणच होते. त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी अहमदनगरला मुलींना शिकवले आणि सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले, ही आपल्याच वारशाची दुसरी बाजू आहे. ती आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. पहिलीही त्याच व्यासपीठावरून सांगितली जावी, आणि ती सांगण्यासाठी ३१ ऑगस्टच्या जवळचा रविवार योग्य आहे.

विडी कामगार स्त्रियांकडे जाल तेव्हा योजना घेऊन जाऊ नका. कुंभारीजवळ त्यांच्यासाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती त्यांच्या संघटनेच्या बळावर. त्या काळात आपण ब्लँकेटे मोजत होतो. त्यांना संघटित होण्याचे शिक्षण आपण द्यावे, अशी स्थिती नाही. आपल्या सभासद स्त्रियांना आधी विचारा की, मंडळीने बोलावे असे त्यांना वाटते काय, काय बोलावे आणि त्याचा त्रास त्यांना होणार नाही ना. त्या नको म्हणाल्या तर थांबा. मंडळीचे सभागृह बैठकीसाठी विनाभाडे देणे, अर्ज लिहून देणे, रुग्णालयात सोबत जाणे, ही कामे त्या बहुधा पहिल्याच भेटीत सांगतील. यांपैकी कशाच्याही मोबदल्यात कोणाकडून बाप्तिस्म्याची अपेक्षा ठेवू नये, हे कमिटीच्या ठरावात स्पष्ट लिहा.

प्रश्न : माझ्या आजोबांनी मांग समाजातून बाप्तिस्मा घेतला. आम्ही तीन पिढ्या ख्रिस्ती आहोत. शाळेच्या दाखल्यावर तसे असल्यामुळे माझ्या मुलीला अनुसूचित जातीची सवलत नाही; नात्यातील जे कागदोपत्री हिंदू राहिले, त्यांच्या मुलांना आहे. पाळकसाहेब म्हणतात, ख्रिस्तात जात नाही. पण मुलीसाठी स्थळ पाहू लागलो, तेव्हा मंडळीतल्याच एका घराने आमचे मूळ विचारले. मग आमची जात आहे की नाही? — एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील दुःख दुहेरी आहे आणि त्याचे दोन्ही पदर एकाच गाठीत बांधलेले आहेत.

कायद्याची स्थिती अशी आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. दलित ख्रिस्ती व दलित मुसलमान बाहेर राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात हा दर्जा धर्माशी बांधू नये, अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला. १० ऑगस्ट हा दिवस देशभरातील अनेक मंडळ्या ‘काळा दिवस’ म्हणून पाळतात. ज्या नातेवाइकांनी कागद बदलले नाहीत, त्यांच्याविषयी मनात कडवटपणा धरू नका. लेकरांची फी आणि अंतःकरणातील श्रद्धा यांपैकी एकीची निवड करायला लावणारी व्यवस्था त्यांनी निर्माण केलेली नाही.

आता दुसरा पदर. दिल्लीत हा दर्जा मागताना आपण सर्व मंडळ्यांच्या वतीने म्हणतो की, बाप्तिस्मा घेतल्याने जात सुटत नाही; गावात तोच वाडा राहतो, तेच काम राहते आणि तोच अपमान राहतो. ही मागणी न्याय्य आहे आणि मी तिच्या बाजूने अनेक वर्षे उभी आहे. पण तीच मंडळी सोलापुरात सोयरिकीच्या बैठकीत मूळ विचारते आणि व्यासपीठावरून मात्र ‘आमच्यात जात नाही’ असे सांगते, तेव्हा दिल्लीतल्या आपल्या अर्जाचा पुरावा आपणच खोडून टाकतो. गलतीकरांस पत्रातील ‘तुम्ही सर्व ख्रिस्त येशूत एक आहात’ हे वचन, अजून पार पाडायचे आहे असे काम म्हणून वाचले पाहिजे. ते काम झाले आहे, असे मानून आपण दोन शतके वाचत आलो. आपल्या पाळकसाहेबांना माझी विनंती सांगा की, ‘ख्रिस्तात जात नाही’ हे वाक्य त्यांनी आपल्याला ऐकवू नये. ज्या घराने मूळ विचारले, त्या घरी जाऊन ते ऐकवावे. आपल्या मुलीला मात्र आजोबांची गोष्ट पूर्ण सांगा. मूळ सांगण्यात तिला लाज वाटावी, असे त्या गोष्टीत काहीही नाही.

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीमुळे मी सहा वर्षांपूर्वी माहेरी आले. गेल्या वर्षी न्यायालयाने मला घटस्फोट दिला. मी महिला मंडळाची चिटणीस होते. कोणतेही पत्र न देता मला काढण्यात आले. प्रभुभोजनाच्या (पुढे जाऊन भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी जागेवर बसून राहा, असा निरोप आला. माझ्या घरी येऊ नये, असे इतर बायकांना सांगण्यात आले आहे. माझे माजी पती मात्र पुढच्या बाकावर बसतात. मी मंडळी सोडावी काय? — एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, आपण सोडू नये असे मला मनापासून वाटते, परंतु मन थकले असेल आणि काही काळ दुसरीकडे उपासनेला जावेसे वाटले, तर त्यात पाप नाही.

१८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती पुरुषाला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरत असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी एक कारण सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने ती विषमता काढली आणि क्रौर्य हे स्वतंत्र कारण झाले. म्हणजे जो न्याय आपल्याला देशाच्या कायद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांनी दिला, तो आपल्या मंडळीने अजून मान्य केलेला नाही. मार खाणारीला भोजनापासून दूर बसवायचे आणि मारणाऱ्याला पुढे बसवायचे, यासाठी शास्त्रात आधार शोधणाऱ्यांनी तो मला कळवावा.

निरोपाला निरोपाने उत्तर देऊ नका. पाळक आणि कमिटीचे चिटणीस या दोघांना लेखी विचारा की, कोणत्या नियमाखाली, कोणत्या सभेत आणि कोणत्या ठरावाने आपल्याला पदावरून व प्रभुभोजनापासून दूर केले. आपले म्हणणे ऐकून घेतले होते काय, हेही विचारा. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आले नाही आणि आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातील असेल, तर तेच पत्र धर्मप्रांताच्या बिशपांकडे पाठवा. घरी येऊ नका, असे सांगणे ही गोष्ट याहून गंभीर आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यातील ‘समुदाय’ या शब्दात एका धर्माचे किंवा पंथाचे लोकही येतात, आणि बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार करावी की नाही, हे वकिलांशी बोलून ठरवा. पण असा कायदा आहे, एवढे पत्रात नमूद करायला हरकत नाही.

आपल्या मंडळातील ज्या स्त्रिया हे सदर वाचत असतील, त्यांना एक सांगायचे आहे. प्रभुभोजनाच्या पुढच्या रविवारी या ताईंच्या शेजारी बसा, आणि त्यांना जागेवरच बसवून ठेवले तर आपणही पुढे जाऊ नका. ताई, पत्राची प्रत, पोच आणि मिळालेल्या निरोपांच्या तारखा एका वहीत नोंदवून आपल्याजवळ ठेवा.