वयामुळे मान दुखते, आखडते. फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

आईंचं वय ६८, एक्स-रेत "गॅप कमी झाला" निघालं आणि घरचे म्हणतात मशीनचा शेक घेऊन काय होणार, असं तुम्ही लिहिलंय. त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसले.

पहिले गॅपचं. साठीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच, ज्यांचं काही दुखत नाही त्यांच्याही. मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी आटतं, ती चपटी होते, कडेला हाड वाढतं. ते कोणी भरून देत नाही, फिजिओही नाही. पण फोटोला घाबरून मान हलवणंच बंद केलं की तिचं लाकूड होतं.

माझं झालं होतं. स्कूटी चालवताना मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागायचं. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं निदान तयार: रात्री कूलरसमोर झोपते म्हणून! उपायही तयार: गळ्यात पट्टा आणि त्यांच्या ओळखीचा एक मान बसवून देणारा. मी धंतोलीत फिजिओकडे जायला लागले, तर पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "पैसे देऊन मान हालवाले जाते हे."

फिजिओ माझ्या मुलीच्या वयाची. शेक दिला, करंटचं मशीन लावलं. बरं वाटलं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. खरं काम त्यानंतरचं. माझाच तळहात माझ्या कपाळावर ठेवायला लावला. "काकू, डोक्यानं हात ढकला, हातानं डोकं अडवा. मान जरा पण हलली नाही पाहिजे." पाच-सहा सेकंद, श्वास न रोखता. मग डोक्याच्या मागून, मग दोन्ही कानांच्या वर. नंतर हनुवटी सरळ मागे ओढायची, खाली वाकवायची नाही; आरशात दुहेरी हनुवटी दिसली की समजायचं जमलं. शिवाय खांद्याची पाती मागे आवळणं, कारण दुखते मान, पण पोक खांद्यांत असतो.

किती दिवस म्हणाल तर दीड-दोन महिने तरी धरा, आणि तेही घरी रोज केलं तर. नुसता शेकच घ्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी घरी आहेच की.

पट्टा फार दुखतं तेव्हा चार-दोन दिवस ठीक. जाऊबाई वर्षभर घालून लग्नंसुद्धा उरकत होत्या. स्नायूंना काम काय उरणार? आणि झटका देऊन मान मोडून घेणं या वयात अजिबात नको. हाडं ठिसूळ असतात, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात, त्यांना इजा होऊन लकवा झालेले लोक आहेत. क्वचित होतं, मान्य. पण आईवर कशाला करून बघता?

हां, एक राहिलंच. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, ब्लाऊजचे हुक लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, सोबत ताप किंवा वजन उतरणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, फिजिओ नंतर. आणि व्यायाम करताना हातात कळ उतरली तर तो व्यायाम तिथेच थांबवून फिजिओला सांगायचं.