ताप आला की वेळ जाता जात नाही, हा नुसता भास असतो का?

नुसता भास नाही. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हडसन होगलंड यांची पत्नी फ्लूने आजारी होती. ते थोडा वेळच बाहेर जाऊन आले, पण तिला ते कितीतरी वेळ गेल्यासारखं वाटलं. मग त्यांनी तिला सेकंदाला एक या बेताने साठपर्यंत आकडे मोजायला लावले. ताप जितका जास्त, तितकी मोजणी भरभर! १९३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आतलं घड्याळ पुढे पळतं, म्हणून भिंतीवरचं रेंगाळतंय असं वाटतं. तापलेल्या माणसाने ‘किती वेळ लावलास’ म्हटलं तर कृपया वाद घालू नका, त्याला खरंच तेवढा वेळ जाणवलेला असतो.

उलट उदाहरण मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाचं. १९६२ मध्ये तो घड्याळाशिवाय दोन महिने थंडगार गुहेत राहिला. १२० सेकंद मोजायला त्याला जवळपास पाच मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता, प्रत्यक्षात १४ सप्टेंबर. अर्थात यात अंधाराचा आणि एकटेपणाचाही वाटा असणारच.

भीतीचं थोडं वेगळं आहे. उंचावरून पडताना क्षण लांबल्यासारखा वाटतो, पण डोळे काही जास्त वेगाने टिपत नाहीत. आठवण तेवढी दाट साठते.