शाळेच्या प्रकल्पासाठी २५ पानांचा संग्रह हवा आहे. पानं इस्त्री करून लॅमिनेट केली तर चालेल का?

नाही. इस्त्रीखाली पानाचा पातळ भाग करपून तपकिरी होतो आणि मधली जाड शीर ओलीच राहते. असं पान लॅमिनेट केलं की आतल्या ओलाव्याचे फुगे येतात. तो ओलावा प्लॅस्टिकमध्येच अडकतो आणि पान काळं पडतं.

पण मुळात तुम्ही तोडताय ते पूर्ण पान आहे का? कडुनिंबाची एक बारीक पाती चिकटवून खाली 'कडुनिंबाचं पान' लिहिलेले प्रकल्प सर्रास पूर्ण गुण घेऊन जातात. ती नुसती पर्णिका, म्हणजे पानाचा एक सुटा तुकडा. मधली काडी आणि तिच्यावरच्या सगळ्या पर्णिका मिळून कडुनिंबाचं एक पान होतं. बेलाचं त्रिदळही एकच पान. खूण सोपी आहे: पानाच्या देठाच्या बगलेत बारीक कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. म्हणून पान खुडू नका, बोटभर डहाळीसकट कात्रीने कापा. डहाळी नसेल तर पानं समोरासमोर होती (पेरू) की एकाआड एक (जास्वंद), हे नंतर कळणार कसं? सातवीण आणि काटेसावर लांबून सारखीच दिसतात, पण सातविणीत डहाळीच्या एका पेरावर (गाठीवर) अनेक सुटी पानं असतात आणि सावरीत एकाच देठावर पाच-सात पर्णिका.

दव उडून गेल्यावर तोडा. ओलं पान हमखास बुरशी धरतं. चिंच आणि शेवगा जागेवरच वर्तमानपत्रात दाबा, कारण पर्णिका मिटतात आणि गळतात. गुळगुळीत मासिकाचा कागद पाणी शोषत नाही, तो नको. एका घडीत एकच नमुना, त्यात एक पान उलटं, म्हणजे मागच्या शिरा दिसतील. दोन घड्यांमध्ये चार-पाच कोरडे कागद, वर सपाट फळी आणि आठ-दहा किलो वजन. डहाळी जाड असेल तर सगळा दाब तिच्यावरच येतो आणि पानाचं पातं सुरकुततं. अशा वेळी पात्यावर कागदाच्या घड्या ठेवून उंची सारखी करा. लांब पान कापायचं नाही, देठ आणि टोक दोन्ही दिसतील असं दुमडायचं.

पहिला कागद २४ तासांनी बदला. पान तेव्हा मऊ पडलेलं असतं, वळलेल्या कडा सरळ करायची संधी तेवढीच. पुढचे तीन-चार दिवस रोज कागद बदला. सगळे कंटाळा करतात तो इथेच, आणि मग 'पानं काळी पडली' म्हणून रडतात. पातळ पानं साधारण आठवड्यात वाळतात, वड-रबरासारख्या जाड पानांना जास्त दिवस लागतात. गालाला लावून गार वाटलं तर आत ओल आहे.

चिकटवायला पांढरा गोंद आणि कागदाच्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्या. सेलोटेप पिवळी पडते. वही नको, सुटे जाड कागद घ्या. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानेही १८व्या शतकात आपला संग्रह सुट्या कागदांवरच ठेवला, त्यामुळे क्रम हवा तेव्हा बदलता येतो. चिठ्ठीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव (हाताने लिहिताना अधोरेखित), ठिकाण, तारीख, पानांची मांडणी आणि कडा एवढं हवंच. तारीख-ठिकाण नसेल तर तो नमुना नाही, सजावट आहे. चमकी आणि रंगीत किनारी लावून २५ पर्णिका आणणाऱ्यापेक्षा दहा पूर्ण पानं नीट ओळखणाऱ्या मुलाला जास्त गुण मिळायला हवेत. शिक्षकांना हे पटवायला जा, मी शब्द मागे घेणार नाही.

रुई आणि कण्हेर मुलांना तोडू देऊ नका. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो आणि कण्हेर विषारी.

आणि प्रकल्प परवाच द्यायचा असेल तर इस्त्री करा बापडे, पण फक्त पातळ पानांना, दोन्ही बाजूंनी कागद ठेवून, वाफ बंद करून आणि कोमट तापमानावर थोडी थोडी दाबत. लॅमिनेशन तरीही नको.